रूप, जात आणि बसना येथील रानपिंगळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी कार्यकारिणीने आम्हांस विषय दिला तो 'प्राणिसृष्टीतील जाती आणि त्यांचे वर्गीकरण' हा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि नोकरीची जवळजवळ तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत गेलेली. तेव्हा हा विषय आमच्याकडे कसा आला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर आम्हांस येथून दिसतो आहे. पक्षी पाहण्याचा थोडासा नाद आहे, हे एक कारण. दुसरे असे की, वर्गीकरण म्हणजे अखेर कोणता कागद कोणत्या फायलीत लावावयाचा याचा निर्णय, आणि चुकीच्या फायलीत गेलेला कागद पुन्हा हाती लागणे किती दुरापास्त असते, हे कचेरीत जन्म काढलेल्या माणसास शिकवावे लागत नाही. आज ज्या एका पक्ष्याची हकीकत सांगावयाची आहे, त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. आणि तो पक्षी शास्त्राच्या दप्तरी प्रथम दाखल झाला तो आपल्या या रायपूरच्या शेजारच्या मुलखातून.

पक्ष्याकडे वळण्यापूर्वी 'जात' या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या भाषेत हा शब्द माणसांच्या संदर्भात इतका झिजला आहे की, त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो. न्यायशास्त्रात 'जाती' म्हणजे अनेक व्यक्तींत समान असणारा धर्म. सर्व गाईंत जे असते ते गोत्व. आता हे गोत्व ओळखावयाचे कसे? त्यासाठी लक्षण सांगावे लागते, आणि लक्षणात तीन दोष संभवतात. ज्यांनी जुन्या वळणाच्या शास्त्र्यांकडे तर्काची पहिली पोथी वाचली असेल त्यांस हे उदाहरण आठवेल. गाय म्हणजे तांबडी असते ती, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असते ती, असे म्हटले तर म्हैस आणि शेळीही आत येतात. ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे जिचे खूर दुभंगलेले नसतात ती, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. मग निर्दोष लक्षण कोणते? तर गळ्याखाली लोंबणारी पोळी, जिला संस्कृतात सास्ना म्हणतात.

गमतीची गोष्ट अशी की, हे निर्दोष लक्षणही रानात नेले की डळमळते. नागझिऱ्याच्या किंवा मेळघाटच्या जंगलात ज्यांनी गवा जवळून पाहिला असेल, त्यांनी त्याच्याही गळ्याखाली पोळी पाहिली असेल. गवा म्हणजे गाय नव्हे. तरीही आमच्या मते या तिन्ही दोषांची नावे इतकी नेमकी आहेत की, प्राणिशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत पानेच्या पाने खर्ची घालून जे सांगितले असते ते या तीन शब्दांत मावते. रूपावरून जात ठरवू पाहणाऱ्या प्रत्येकास, मग तो काशीचा पंडित असो की लंडनचा संग्रहालयपाल, याच तीन दारांतून जावे लागले आहे.

पाश्चात्त्य जगात या कामाची घडी बसविली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसने. वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांपासून दुपदरी नावांची पद्धत शास्त्रात रूढ झाली. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. आपल्याकडील आडनाव आणि नाव यांसारखे, परंतु आडनाव आधी. प्रत्येक जात ईश्वराने एका साच्यातून काढली आहे, साचा कायम आहे, आणि व्यक्तींत जो थोडाफार फरक दिसतो तो गौण आहे, अशी त्या काळची समजूत होती. ती समजूत १८५९ साली डार्विनने मोडली. फरक हाच सृष्टीचा मूळ व्यवहार आहे आणि साचा ही आपल्या मनाची सोय आहे, असे त्याने दाखविले. तथापि साचा गेला तरी नावे राहिली, आणि नावे राहिली म्हणून ती कशाला तरी बांधून ठेवण्याची गरजही राहिली.

ही गरज भागविण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. नवी जात जाहीर करणाऱ्याने एक विशिष्ट नमुना निश्चित करून संग्रहालयात ठेवावयाचा. त्यास इंग्रजीत 'टाइप' म्हणतात. आपण मूळ नमुना म्हणू. पुढे कितीही वाद झाले, पुस्तके बदलली, तरी ते नाव त्या एका नमुन्यापासून सुटत नाही. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो दूर केला पाहिजे. मूळ नमुना म्हणजे त्या जातीचा आदर्श किंवा सरासरी प्रतिनिधी नव्हे. तो रोगट असू शकतो, पिल्लू असू शकतो, नुसता एक दात किंवा कवटीचा तुकडाही असू शकतो. तो नाव अडकविण्याची खुंटी आहे. खुंटी सुंदर असावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ती भिंतीत पक्की असावी, एवढेच. खुद्द मनुष्यजातीचा मूळ नमुना कोण, असे विचाराल तर १९५९ साली विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो मान लिनियसलाच दिला, आणि त्याचे अवशेष उप्साला येथील चर्चमध्ये आहेत. आता आपल्यापैकी कोणीही त्या गोऱ्यापान स्वीडिश गृहस्थासारखे दिसत नाही; परंतु त्यामुळे आपले मनुष्यपण कमी होत नाही.

या खुंटीला एक चिठ्ठी लागते. पक्ष्याचे कातडे काढून, आत कापूस भरून, शिवून जो नमुना तयार होतो त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर ठिकाण, तारीख आणि मिळविणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी नसेल किंवा खोटी असेल, तर पक्ष्याचे रूप कितीही शाबूत असो, त्याची किंमत दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूहून अधिक नाही. आमच्या आजच्या हकीकतीचे मर्म या चिठ्ठीत आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. रायपूरहून संबळपूरला जाणारा रस्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. आरंग, पिथौरा, बसना, सरायपाली. पूर्वी यास राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. बसन्याचा परिसर म्हणजे जुनी फुलझर जमीनदारी. आज तो महासमुंद जिल्ह्यात मोडतो. १८७२ साली या परिसरात एफ. आर. ब्ल्युइट या इंग्रज संग्राहकाने एक लहानसे घुबड मारले आणि त्याचे कातडे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे पाठविले. हे ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. त्या वेळी ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव होते, आणि कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात त्यांनी पक्ष्यांचा असा संग्रह केला की, तो पुढे लंडनच्या संग्रहालयास दिला तेव्हा कातडी व अंडी मिळून सुमारे ८२ हजार नग भरले. सरकारी नोकराने फावल्या वेळात काय करावे याचा यापेक्षा मोठा दाखला आम्हांस माहीत नाही.

आपल्या घराभोवती, वडाच्या ढोलीत, विजेच्या तारेवर जो पिंगळा दिसतो, तो साऱ्यांच्या परिचयाचा. डोक्यावर पांढरे ठिपके, छातीपोटावर तपकिरी पट्टे. ब्ल्युइटचा पक्षी आकाराने तेवढाच. परंतु त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, डोके व चोच मोठी, आणि पाय पांढऱ्या पिसांनी असे झाकलेले की जणू लोकरीचे मोजे चढविले आहेत. ह्यूम यांनी १८७३ साली ही जात नवी म्हणून जाहीर केली. एवढेच नव्हे, तर तिच्यासाठी वेगळी प्रजातीही मांडली आणि नाव दिले 'हेटेरोग्लॉक्स ब्ल्युइटी'. हेटेरोग्लॉक्स याचा अर्थ निराळे घुबड. मराठीत आपण त्यास रानपिंगळा म्हणतो. बसन्याचे ते कातडे या नावाची खुंटी झाले.

एका कातड्यावरून नवी जात, आणि वर नवी प्रजातीही, हे धाडस खरेच. एखादा पक्षी जन्मतः विचित्र असू शकतो. परंतु ह्यूम यांच्या डोळ्याची पारख पुढे लवकरच पटली. भूगर्भ खात्यातील व्हॅलेंटाइन बॉल यांस १८७७ साली खरियारच्या बाजूस, उदंतीच्या खोऱ्यात दुसरा नमुना मिळाला. ते उदंती म्हणजे आज गरियाबंद जिल्ह्यातील आपले अभयारण्य. त्यानंतर एकदम शेकडो मैल पश्चिमेस, खानदेशात, मुलकी खात्यातील जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या चार वर्षांत शहादा-तळोदा या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात आणखी काही नमुने मिळविले. सारे मिळून कातडी झाली सात. आणि १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला.

दिसेनासा म्हणजे किती, तर एकशे तेरा वर्षे. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्यांच्या शोधालाही यश आले नाही. मध्यंतरी रानपिंगळा म्हणून एक छायाचित्र प्रसिद्ध झाले, ते नेहमीच्या पिंगळ्याचे निघाले. ही चूक क्षम्य होती. कारण तुलनेस जिवंत पक्षी नव्हता, होती ती शंभर वर्षांपूर्वीची वाळलेली कातडी, आणि तीही परदेशी संग्रहालयांत. कातड्यावरून रंग समजतो. पक्षी बसतो कसा, ओरडतो कसा, शिकार दिवसा करतो की रात्री, यांपैकी काहीच समजत नाही. केवळ रूपावरून जातीची ओळख ठेवण्याची मर्यादा येथे उघडी पडते.

आणि या गोंधळात एक बनावट चिठ्ठी होती. कर्नल रिचर्ड माइनर्टझहेगन हे ब्रिटिश सेनाधिकारी, नामांकित पक्षीतज्ज्ञ. १९५४ साली त्यांनी आपला सुमारे २० हजार पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयास दिला. त्यांत एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या पायाच्या चिठ्ठीवर लिहिले होते की, हा १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळाला. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनीसुद्धा पक्षी दिसल्याचा हा एकमेव पुरावा. साहजिकच त्यावर विश्वास ठेवून शोधाची दिशा ठरत गेली.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन या विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवर ग्रंथ तयार करीत होत्या. कातडी तपासता तपासता त्यांस माइनर्टझहेगन यांच्या संग्रहाचा संशय येऊ लागला. मांडवीचा रानपिंगळा त्यांनी आणि इंग्लंडच्या नायजेल कॉलर यांनी बारकाईने तपासला. पक्षी सोलण्याची, कापूस भरण्याची, पंख बांधण्याची प्रत्येक संग्राहकाची एक लकब असते, आपल्या हस्ताक्षरासारखीच. वरून पाहता हे कातडे माइनर्टझहेगन यांच्या पद्धतीचे वाटे. परंतु आतली लकब डेव्हिडसनची होती. कातडे उसवून, पुन्हा भरून, पुन्हा शिवून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली होती. थोडक्यात, डेव्हिडसनचा खानदेशातील पक्षी संग्रहालयातून चोरीस गेला आणि गुजरातचा होऊन परत आला. अशा कितीतरी नमुन्यांची लबाडी पुढे उजेडात आली. असल्या कीर्तिवंत मनुष्याने हे का करावे, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. पक्षी खरा, रूप खरे, जात खरी. खोटे होते ते फक्त गाव. पण त्या एका खोट्या गावामुळे सारी नोंद नासली.

खोटी चिठ्ठी बाजूस काढल्यावर उरल्या त्या खऱ्या चिठ्ठ्या. त्यांत गावे दोनच टोकांची: पूर्वेस आपले बसना-खरियार, पश्चिमेस खानदेश. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे आले, आणि आधी पूर्वेकडील जागा धुंडाळल्या. मूळ नमुन्याचे गाव म्हणून फुलझरचा परिसर पाहिला. तेथे जे जंगल ब्ल्युइटने पाहिले असेल त्याच्या जागी बहुतांशी शेते होती. पक्षी मिळाला नाही. मग ते पश्चिमेस गेले, आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, उजेडात बसलेला रानपिंगळा बेन किंग यांच्या दृष्टीस पडला. ठिपके नसलेले डोके, पांढरे पोट, पायांतले ते मोजे. सव्वाशे वर्षांपूर्वी ह्यूम यांनी कागदावर लिहिलेली सर्व लक्षणे जिवंत रूपात समोर बसली होती. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी.

पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतील असद रहमानी आणि फराह इश्तियाक यांनी शोध चालविला आणि मेळघाटात व खांडव्याच्या बाजूस हा पक्षी असल्याचे दाखविले. २०१४ साली तर तो मुंबईपासून जवळ, तानसा अभयारण्यात दिसला. एकदा डोळ्यास सवय झाली, ओरडणे ओळखू येऊ लागले, की मग दिसतो. मात्र एकूण संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. २०१८ पर्यंत तो अतिसंकटग्रस्त यादीत होता, आता संकटग्रस्त यादीत आहे.

आता, दिसण्यात इतके थोडे अंतर असलेले हे दोन पिंगळे निराळ्या जातींचे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली प्रतिष्ठित केलेल्या व्याख्येत आहे: जे आपापसांत नैसर्गिकपणे प्रजोत्पादन करतात आणि इतरांशी करीत नाहीत, ती एक जात. रूप हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. शहाद्याच्या एकाच रानात दोन्ही पिंगळे राहतात आणि तरीही वेगवेगळे राहतात. मग ते दोनच.

याच्या उलट दाखला पाहावयाचा तर रायपूरच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या काळात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत असताना छत्तीसगढ व मध्य प्रदेशातून भाताचे १९ हजारांच्या घरात नमुने गोळा केले. तोच ठेवा आज आपल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात वाढून २३ हजारांच्या वर गेला आहे. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग, सफरी, लुचई, गुरमटिया. कोणाचा दाणा बारीक, कोणाचा जाड. कोणाला कुसळ, कोणाला नाही. तूस पिवळे, तांबूस, काळे. कोणी दोन-अडीच महिन्यांत पिकणारा, कोणी पाच महिने घेणारा. लिनियसच्या काळच्या नजरेने पाहिले तर यांच्या शंभर जाती कराव्या लागतील. आणि तरी शास्त्राच्या दृष्टीने ही सारी एकच जात. उलट शेतात आपोआप उगवणारा करगा लहानपणी अगदी पेरलेल्या भातासारखा दिसतो. निंदणी करणाऱ्या बाईला तो ओळखू येत नाही. म्हणून जांभळ्या पानांचा भात पेरावा, म्हणजे हिरवे दिसेल ते उपटता येते, अशी युक्ती येथील शेतीतज्ज्ञांनी काढली. ही लक्षण करण्याचीच एक रीत झाली, आणि तिच्यात अव्याप्ती-अतिव्याप्तीची भानगड नाही. मात्र करगा हा रानभात आणि पेरलेला भात यांच्या संकराने होतो, तेव्हा निसर्गाने स्वतःच येथे सीमारेषा पुसलेली आहे. कमरछठला आपल्या शेजारच्या छत्तीसगढी भगिनी नांगर न लागलेल्या जमिनीतील पसहर तांदूळ खातात, तो याच कुळातला.

रानम्हशीचेही तसेच. ती या राज्याचा राज्यपशू. जेथे बॉल यांस दुसरा रानपिंगळा मिळाला, त्या उदंतीत तिची संख्या इतकी घटली की, एक वेळ एकच मादी उरली, आशा नावाची. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत तिच्या पेशींपासून १२ डिसेंबर २०१४ रोजी 'दीपाशा' जन्मली आणि २०१८ साली ती आपल्या नवा रायपूरच्या जंगल सफारीत आली. मोठी झाल्यावर ती मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, अशी शंका निघाली. येथे रूप हाच पुरावा धरला तर काय होणार? रानम्हैस आणि पाळीव म्हैस यांचा संकर होतो. मायर यांच्या व्याख्येने त्या एकच ठरतील. मग वाचवावयाचे ते काय? नावांचा घोळ इतका की, २००३ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगास खास निर्णय देऊन रानटी १७ जातींची वेगळी नावे कायम ठेवावी लागली; रानम्हशीचे त्यांतच आहे. जे नाव कागदावर नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नाही, हे आपल्यातील सरकारी मंडळी जाणतातच.

जात आणि रूप यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हीच मोजपट्टी माणसांनाही लावली गेली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझ्ले यांनी नाकाची लांबीरुंदी मोजून हिंदुस्थानातील माणसांचे नमुने ठरविले, आणि नाकाच्या मापात सामाजिक प्रतिष्ठाही पाहिली. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आपल्या इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांचा असा सिद्धान्त की, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवरून वंशाची श्रेष्ठता कळावी. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले की, वंशाशी या असमानतेचा संबंध दिसत नाही. गुरूच्या घरी बसून गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडण्यास किती धैर्य लागते! पिंगळ्याच्या पायातील पिसे मोजावीत, त्यात काही बिघडत नाही. माणसाच्या नाकावरून त्याची योग्यता ठरविणे हे मात्र शास्त्र नव्हे, आणि ते शास्त्राच्या नावाखाली झाले याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

असो. रानपिंगळ्याचा एक धागा राहिला. ह्यूम यांनी त्याला निराळी प्रजाती दिली होती. रिप्ले यांचे मत असे की, तो नेहमीच्या पिंगळ्याच्याच 'अथीनी' या प्रजातीत घालावा. हा वाद कातड्यांवरून मिटण्यासारखा नव्हता. २०१८ साली भारतीय संशोधकांनी आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखविले की, रानपिंगळ्याची शाखा 'अथीनी'च्या झाडाच्या आतच फुटलेली आहे. म्हणजे ह्यूम यांचे आडनाव गेले, दिलेले नाव राहिले. आता तो 'अथीनी ब्ल्युइटी'. आमच्या मनात मात्र हेटेरोग्लॉक्स या नावाविषयी थोडी हळहळ आहे; निराळे घुबड हे त्याच्या रूपास शोभत होते.

ब्ल्युइटचे ते कातडे आज इंग्लंडमध्ये ट्रिंग येथील संग्रहालयात आहे. त्याच्या चिठ्ठीवरील गाव आपल्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. जगात कोठेही रानपिंगळ्याविषयी वाद झाला तर शेवटी बसन्याचा तो नमुना बाहेर काढावा लागेल. आणि त्याच महामार्गाने उलट दिशेस, नागपूर, अमरावती, जळगाव करीत जे आपण दिवाळीला घरी जातो, ती वाट धुळ्यापर्यंत नेली की उत्तरेस शहादा येते. मेळघाटही त्याच वाटेच्या एका बाजूस. पक्ष्याची दोन्ही टोके अशी आपल्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहेत.

म्हणून मंडळातील तरुण मंडळींस एक विनंती. बसना, बारनवापारा, उदंती या बाजूस गेलात, आणि हिवाळ्यात सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या शेंड्यावर एखादे लहान घुबड शेपटी हलवीत बसलेले दिसले, तर आधी त्याच्या डोक्याकडे पाहावे. ठिपके स्पष्ट असतील तर तो आपला घरचा पिंगळा. नसतील, छाती सलग तपकिरी आणि पोट पांढरे असेल, तर छायाचित्र घ्यावे, आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि वहीत लगेच टिपून ठेवावे. वर्णन थोडे कमी झाले तरी चालेल. गाव आणि तारीख तेवढी बिनचूक असावी. मंडळाच्या कचेरीत टिपण आणून दिल्यास ते योग्य ठिकाणी पाठविण्याची व्यवस्था आम्ही करू.